सोवळ्यातला मासा

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचावर आहे आणि इथून समुद्र गाठायचा तर आख्खा घाट उतरावा लागतो. तरीही या शहरात खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारी माणसं आहेत. मी त्यांतला एक. समुद्र आम्ही घरीच करतो. खडकवासल्याचं पाणी आरओ-डीआय फिल्टरमधून गाळायचं, लिटरमागे 35 ग्रॅम क्षार येतील इतकं पिशवीतलं समुद्री मीठ त्यात विरघळवायचं आणि एप्रिल-मे आला की त्या समुद्राला चिलर लावून स्वतः पंख्याखाली बसायचं. गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असलं, की आमच्याकडची भरती शुक्रवारी येते.

एवढा खटाटोप झाल्यावर नवा मासा थेट त्यात सोडावा असं कुणालाही वाटेल. तसं करायचं नसतं. मासा आधी क्वारंटाइन टाकीत जातो. आम्ही तिला क्यूटी म्हणतो. ही टाकी मुद्दाम कुरूप असते. दोन फुटी काच, हीटर, हवेचा पंप, स्पंज फिल्टर, बस्स. वाळू नाही, खडक नाही, प्रवाळ तर नाहीच. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. ते आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो तेव्हा मालकांनी नेहमीच्या संशयाने विचारलं, "कशाला हवेत?"

"माशाला राहायला."

"मासा किती इंची?"

"तीन."

"मग दीड इंची एल्बो काय मागताय? दोन इंची न्या. त्याला वळायला नको?"

पुण्यात गिऱ्हाइकाच्या सोयीचा इतका विचार मी प्रथमच पाहिला. अर्थात तो माशासाठी होता.

घरात हे प्रकरण सगळ्यांत आधी समजलं ते आईला. क्यूटीची जाळी वेगळी, बादली वेगळी, नळी वेगळी. तिकडचा ओला हात मोठ्या टाकीत घालायचा नाही. आधी मोठ्या टाकीचं करायचं, मग क्यूटीचं, उलट नाही. मी तक्ता करून भिंतीला लावत होतो. आईने दोन ओळी वाचल्या आणि म्हणाली, "सोवळं आहे हे. तक्ता कशाला हवा?" माणसामाणसांत या सोवळ्याने जे केलं, त्याबद्दल मला काडीचंही प्रेम नाही. पण माशाच्या सोवळ्याला निदान सूक्ष्मदर्शकाचा आधार आहे.

क्रिप्टोकॅरिऑन नावाचा एक परजीवी असतो. त्याने गाठलं की माशाच्या अंगावर मिठाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके उठतात. चारसहा दिवसांत ते आपोआप नाहीसे होतात आणि मालक पेढे वाटायच्या बेतात असतो. प्रत्यक्षात परजीवी माशाला सोडून तळाशी गेलेला असतो, कवच करून बसलेला असतो आणि आत एकाचे शेकडो होत असतात. ती फौज बाहेर पडून मासा शोधते. कवचातला हा मुक्काम काही वेळा इतका लांबतो, की मोठ्या टाकीत रोग शिरल्यावर सगळे मासे काढून ती 76 दिवस रिकामी ठेवावी, असा या छंदातला प्रचलित हिशेब आहे. आलेल्या पाहुण्यांना अडीच महिने नुसते खडक दाखवत, "मासे बाहेर गेलेत" असं सांगायचं नसेल, तर क्यूटी परवडली.

यावरचं जुनं औषध म्हणजे तांबं. हे ऐकल्यावर आई उठलीच. "मग माझी पळी टाक की! रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी आपण पितो, त्याला काय होतंय?" कल्पना घरगुती होती, पण माप जमणार नव्हतं. साधं आयनिक तांबं वापरलं तर लिटरमागे 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम राखावं लागतं. कमी पडलं तर परजीवी मजेत, जास्त झालं तर मासा गेला. कोळंबी आणि प्रवाळ तर एवढ्यानेही दगावतात, आणि खडक-वाळू तांबं शोषून सगळं गणित बिघडवतात. क्यूटी उघडीबोडकी का, ते इथे कळतं. मी रोज कुपीत पाणी घेऊन, थेंब मोजून, रंग जुळवत खिडकीशी उभा असतो. स्वतःची साखर मी इतक्या नेमाने कधी तपासलेली नाही.

खरा पेच आला तो जेवणावर. नवा मासा बुजलेला असतो, अन्नाला तोंड लावत नाही. त्याची भूक उघडावी म्हणून काही जण गोठवलेली बारीक कोळंबी लसणाच्या रसात भिजवून देतात. आमच्याकडे चातुर्मास. घरात कांदा-लसूण बंद, आणि फ्रीजरमध्ये ओल्या नारळाच्या चवाशेजारी कोळंबीची पाकिटं. "त्याला लसूण आणि मला दुधीची भाजी?" असं मी विचारलं, तेव्हा बायको म्हणाली, "त्याला चव नाहीये तोंडाला. तुम्हाला आहे."

क्यूटी पाहुण्यांच्या खोलीत ठेवलेली आहे. मामा नगरहून आले. रात्रभर पंपाची घरघर ऐकून सकाळी त्यांनी विचारलं, "हा आजारी आहे का रे?"

"नाही."

"मग?"

"असला तर कळावं म्हणून."

मामा चहा पिता पिता थांबले. "मलाही याच खोलीत का ठेवलंय?"

या शहराचं आणि विलगीकरणाचं नातं तसं जुनं आणि कडू आहे. प्लेगच्या साथीत इंग्रज अधिकारी रँडच्या गोऱ्या सोजिरांनी घराघरांत, देवघरांपर्यंत घुसून माणसं छावण्यांत हलवली आणि 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गाठलं. एल्बोतून क्यूटीतला टँग मासा माझ्याकडे ज्या नजरेने पाहतो, ती बघता माशांना हात नाहीत हे बरं आहे. त्याच 1897 सालचा साथरोग कायदा 2020 मध्ये पुन्हा बाहेर निघाला. त्या मार्चमध्ये महाराष्ट्रातले पहिले करोना रुग्ण पुण्यातच, नायडू रुग्णालयात दाखल झाले. तेव्हापासून आमच्या सोसायटीत क्यूटी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेजारचे काका फक्त एवढंच विचारतात, "निगेटिव्ह आला का?"

तुम्हीही या फंदात पडणार असाल, तर क्लाउनफिशपासून सुरुवात करा आणि तो समुद्रातून पकडलेला नको, पैदास केंद्रातला मागा. आता त्यांची पैदास आपल्याकडेही होते. दुकानदार कितीही म्हणाला "एकदम फ्रेश आहे साहेब", तरी महिनाभर क्यूटीत ठेवा. आणि क्यूटीला जाळीचं झाकण लावा. मासे उड्या मारतात.