कॉफीशास्त्री

उन्हाळा सुरू झाला की पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत एक तरी कॉफीशास्त्री प्रकट होतो. चाळिशी ओलांडलेली, नोकरी आयटीतली आणि स्वयंपाकघरातला ओट्याचा एक कोपरा कायमचा बळकावलेला. त्या कोपऱ्याचं सोवळं देवघरापेक्षा कडक. वहिनींनी तिथे कणकेची परात टेकवली, तरी शास्त्रीबुवा काटा पुसून पुन्हा शून्यावर आणतात.

या शास्त्र्याचा उगम २०२० च्या लॉकडाउनमधला. तेव्हा इन्स्टंट कॉफी, साखर आणि गरम पाणी समसमान घेऊन, हात भरून येईपर्यंत घोटून त्याने डाल्गोनाचा फेस काढला होता आणि त्याचे फोटो यच्चयावत नातेवाइकांना पाठवले होते. आज तो विषय काढलात, तर तो खिडकीबाहेर बघू लागतो. इन्स्टंटची बाटली घरात अजून असते. फक्त तिचा मुक्काम हिंगाच्या डब्यामागे हलला आहे.

भर दुपारी घामाघूम होऊन तुम्ही त्याच्या घरी टेकता. "थंड काही घेणार? कोल्ड ब्रू?" तुम्ही भाबडेपणाने "चालेल" म्हणता आणि फसता. आधी बिया दाखवल्या जातात. चिकमगळूरच्या, अरेबिका. हुंगाव्या लागतात. मग बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्याची कथा. तुम्ही बाणेदारपणे "आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते की" म्हणालात, तर त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच तुमच्याबद्दल आदर दिसतो आणि व्याख्यान दहा मिनिटांनी वाढतं. दळण जाडंभरडंच हवं, बारीक दळलं तर गाळ होतो, चिकोरी नको, एक भाग कॉफीला आठ भाग पाणी, गार पाण्यात आंबटपणा आणि कडवटपणा कमी उतरतो. बर्फसुद्धा कॉफीचाच, म्हणजे वितळला तरी पेय पाणचट होत नाही. सगळं अगदी खरं असतं. तुमचा घसा मात्र कोरडाच असतो.

"मग, कधी मिळेल?" तुम्ही हळूच विचारता.

"आत्ताच भिजत घातलीय. फ्रिजमध्ये सोळा तास. उद्या सकाळी या ना!"

तेवढ्यात आतून मिक्सरचा आवाज येतो. हिंगाच्या डब्यामागची बाटली, दूध, साखर, बर्फ आणि वर किसलेलं जायफळ. वहिनी पाच मिनिटांत ग्लास भरून आणतात. श्रीखंडासाठी चक्का बांधायचं त्यांचं फडकं कॉफी गाळून गाळून तपकिरी झालंय, हेही त्या जाता जाता ऐकवतात. शास्त्रीबुवा "याला काय कॉफी म्हणायचं!" असं पुटपुटत दुसरा ग्लास उचलतात.

तेव्हा वाचकहो, अशा घरी कोल्ड ब्रू प्यायचीच असेल, तर आदल्या दिवशी फोन करा. आयत्या वेळी गेलात, तर शास्त्र्याचं ऐका आणि वहिनींच्या हातचं प्या.