घरीच केलंय!

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी अकराच्या सुमारास डोकवा. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली लोंबत असतो, ग्राइंडरच्या ठिणग्या शेजाऱ्याच्या स्कूटरवर उडत असतात, आणि पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ, अंगात ऑफिसने कधीतरी फुकट वाटलेला टीशर्ट, मोटरसायकलच्या मागे उकिडवे बसलेले असतात. मुलं त्यांना बुलेटकाका म्हणतात. गाडी बुलेट नाही, हिमालयन आहे, हे काका पहिली काही वर्षं समजावून सांगत. आता त्यांनी तो नाद सोडलाय.

ही हिमालयन 2016 साली बाजारात आली ती लांबच्या प्रवासासाठीच. सामान लावायची सोय तिच्यात आधीपासून होती. बाकीची माणसं अशा सोयीला तयार पेट्या आणून लावतात. काकांनी दुकानात पेटीची किंमत ऐकली, टिचकी मारून पत्रा अजमावला आणि विचारलं, "यात आहे काय एवढं?" या वाक्यानंतर मुलीची दहावी, गावाकडचा सातबारा आणि बाथरूमचं गळतं या तिन्ही गोष्टी यादीत एकेक पायरी खाली उतरल्या.

मग पेठा सुरू झाल्या. नटबोल्ट बोहरी आळीत, वायर आणि रिले तपकीर गल्लीत, स्पेअर पार्ट नाना पेठेत. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार. जुन्या बाजारात काका काही आणायला जात नाहीत, तिथे त्यांना वस्तू "सापडतात". घरी आल्यावर काकू विचारतात, "हे कशाला?" काका म्हणतात, "लागेल." या उत्तराच्या जोरावर बाल्कनीतल्या तुळशीने आपली जागा कधीच सोडली आहे.

पेट्या अडकवायला आधी साइडरॅक लागतो. लोखंडी नळी वाकवताना ती चेपू नये म्हणून आत वाळू ठासून भरतात, हे काकांना माहीत आहे. ॲल्युमिनियम साध्या वेल्डिंगला दाद देत नाही, त्याला आर्गॉन लागतो, हेही माहीत आहे. पण वेल्डर मिळाला तो खिडक्यांच्या ग्रिल करणारा. त्याने लग्नपत्रिकेच्या मागे काढलेलं काकांचं ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं, वधूवरांची नावं वाचली आणि "उद्या या" म्हणाला. रॅक झाला, मजबूतही झाला. फक्त हाताच्या सवयीने त्याने दोन्ही टोकांना फाटकावर लावतात तसे भाले लावले होते. काकांनी ते कापले नाहीत. "ट्रॅफिकमध्ये मागचा अंतर राखून राहतो," म्हणाले.

पुढची वाऱ्याची काच एका साइनबोर्डवाल्याकडच्या ॲक्रिलिकची. ॲक्रिलिकला भोक पाडलं की भोकापासून तडा जातो, त्यापेक्षा पॉलिकार्बोनेट बरं, हे ज्ञान तिसऱ्या तुकड्यानंतर झालं. तोवर जी काच लागली होती तिच्यावर सकाळचं तिरपं ऊन पडलं की खरवडलेली अक्षरं उमटत आणि समोरून येणाऱ्याला "प्रवेश सुरू" असं वाचता येई.

पण काकांचं खरं अपत्य म्हणजे चेन ऑयलर. लांबच्या प्रवासात चेनला तेल लागतं. रोज संध्याकाळी हॉटेलसमोर वाकून ब्रश कोण मारणार? तेव्हा डॉक्टर शेजाऱ्याकडून एक सलाइनचा सेट आला. वर नव्वद नंबरचं गिअर ऑइल, खाली नळी, नळीचं तोंड मागच्या स्प्रॉकेटवर, मधल्या चाकाने थेंब कमीजास्त करायचे. मिनिटाला दोन थेंब हे प्रमाण ठरवण्यासाठी काका घड्याळ घेऊन तासन्‌तास गाडीशेजारी बसत. येणारीजाणारी पोरं विचारत, "काका, गाडीला डिस्चार्ज कधी?"

ऑयलरमध्ये खोट काही नव्हती, खोट तेलाच्या स्वभावात होती. थंडीत ते घट्ट होतं आणि थेंब थांबतो. उन्हात पातळ होतं आणि धार लागते. ती धार मागच्या टायरवर उतरली तर पुढे काय होतं, हे काका सांगत नाहीत. कोपरावरचा व्रण सांगतो.

खर्चाचा हिशोब काका तोंडपाठ सांगतात. "बाहेर पंचवीस हजार गेले असते. मी साडेचारात बसवलं." या साडेचारात ड्रिल मशीन, ग्राइंडर, रिव्हेट गन, वाया गेलेल्या काचा आणि शेजाऱ्याच्या स्कूटरचा रंग धरलेला नाही. "ती हत्यारं आहेत, ती आयुष्यभर राहतात," असं ते म्हणतात. काकू म्हणतात, "तेच तर."

साइडस्टँड मऊ जमिनीत रुतू नये म्हणून त्याच्या पायाखाली रुंद चकती लावतात. घरात नेमकी तशी एक सागवानी चकती होती. पोळपाट दिसेना झाला त्या संध्याकाळी काकू पार्किंगमध्ये लाटणं घेऊन आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, हेही कुठे बसतंय का बघा."

एकदा हायवेवर ट्रॅफिक हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनाजोगते फेरफार करू देत नाही, आणि ही गाडी लांबूनच कलमात बसणारी. दुसरा कुणी हबकला असता. काकांचा चेहरा उजळला. आजवर इतक्या आस्थेने "हे काय आहे?" असं कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी रिलेपासून सुरुवात केली. फॉग लॅम्पचा करंट हँडलच्या स्विचमधून थेट नेला तर स्विच वितळतो, म्हणून मध्ये रिले, रिलेच्या आधी फ्यूज. सिंगल सिलिंडरचं व्हायब्रेशन नट सैल करतं, म्हणून प्रत्येक जागी नायलॉक. ऑयलरपाशी येईतो हवालदाराने पावतीपुस्तक खिशात घातलं होतं. "साहेब, जावा," तो म्हणाला. काका म्हणाले, "थांबा, पेटी उघडून दाखवतो."

अशा माणसाबरोबर लडाखला जाणं वेगळंच प्रकरण आहे. ग्रुपमधले बाकीचे लोक प्रवास सुखरूप व्हावा म्हणून घरून निघताना देवाला नमस्कार करतात. काकांच्या मनात मात्र, छोटंसं का होईना, पण काहीतरी बिघडावं. पाऊस आला नाही तर शिवून घेतलेल्या रेक्झिनच्या कव्हरांचा उपयोग काय? पंक्चर झालं नाही तर चार इंची पीव्हीसी पाइपला झाकणं लावून केलेली हत्यारांची नळी उघडणार कधी? जाताना ती नळी एकदाच उघडली, चेकपोस्टवर. काळा रंग दिलेला बंद पाइप आणि त्याच्याजवळून गेलेल्या दोन वायरी पाहून जवानाने बाकी सगळ्यांना दूर उभं केलं. आत पाने होते आणि पातळ पोह्यांचा चिवडा.

मनालीकडून लेहला जाताना तांदीच्या पंपावर प्रसिद्ध पाटी होती: पुढचा पंप 365 किलोमीटरवर. या पाटीसाठीच काकांनी टाकीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच लिटरचे कॅन बसवून घेतले होते. काकांच्या हिमालयनची टाकी 15 लिटरची. लिटरला तीस धरले तरी साडेचारशे होतात, हे कुणीतरी बोलून गेलं. "चढावर ॲव्हरेज पडतं," काका म्हणाले. पडलं नाही. ते दहा लिटर पेट्रोल तांगलांग ला चढलं, खार्दुंग ला चढलं आणि पँगाँगच्या काठावरही जाऊन आलं.

पँगाँग चौदा हजार फुटांच्या आसपास आहे. त्या निळ्या पाण्यासमोर माणसं गप्प होतात. काकाही गप्प होते, कारण ते जमिनीवर आडवे पडून रॅकच्या डाव्या वेल्डिंगचा फोटो काढत होते. त्यांच्या फोनमध्ये या सरोवराचे पुष्कळ फोटो आहेत. प्रत्येकात पुढे एक बोल्ट आहे आणि मागे काहीतरी निळं.

परतीच्या वाटेवर चांग ला उतरताना अखेर देव पावला. रस्त्याच्या कडेला केरळचा एक तरुण खाली बसला होता. गाडी परदेशी, पेट्या परदेशी, आणि त्या परदेशी रॅकचा एक पाय कडेला मोडलेला. काकांनी गाडी लावली, रॅकला हात लावला, किंमत विचारली, ऐकून डोळे मिटले आणि नळी उघडली. दोन होज क्लॅम्प, ग्रिलच्या सळईचा एक तुकडा, थोडी तार. अर्ध्या तासात पेटी जागेवर. तरुण पैसे काढू लागला तेव्हा काकांना अपमान वाटला. त्यांनी एवढंच विचारलं, "यू गोइंग व्हेअर?" तो श्रीनगरकडून उतरणार होता. आमचा ग्रुप मनालीमार्गे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेहच्या हॉटेलात काका नव्हते. फोन लागला तो रात्रीच, तोही काकूंचा त्यांना.

"अहो, कुठे आहात? मंडळी म्हणतात तुम्ही त्यांच्यात नाही."

"कारगिलला आहे."

"कारगिलला? बरे आहात ना?"

"एकदम! अगं, दोनशे किलोमीटर त्याच्या मागे मागे आलो. क्लॅम्प जागचा हलला नाही. उद्या झोजी ला आहे, तिथे रस्ता फार खराब आहे म्हणतात," काका म्हणाले, आणि आवाजातला आनंद त्यांना लपवता येईना.