‘सेट’चा संसार

ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये २० खंडांत निघाली. त्यात सर्वांत लांब नोंद कोणाची? ‘सेट’ या चिमुकल्या शब्दाची. नुसत्या क्रियापदाचे अर्थ ४३०! सूर्य मावळतो, जेली थिजते, मोडलेले हाड बसवतात, गजर लावतात. इंग्रजाला सगळीकडे ‘सेट’च पुरतो. याला भाषेची समृद्धी म्हणायचे की आळस, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पुढे ‘रन’ने ही गादी हिसकावली. त्याचे ६४५ अर्थ लावताना संपादक पीटर गिलिव्हर यांना नऊ महिने लागले. कालावधी तसा रीतसरच.

महाराष्ट्रात मात्र ‘सेट’ची गादी शाबूत आहे. दागिन्यांचा सेट, मालिकेचा सेट, पार्लरमध्ये सेट केलेले केस. लग्नाच्या बाजारात तर मुलगाच ‘सेट’ लागतो: कायमची नोकरी, स्वतःचा फ्लॅट आणि पुण्यात असेल तर पार्किंगसुद्धा. शिवाय महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेते ती सहायक प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, तीही ‘सेट’च! ती उत्तीर्ण होऊन वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला मात्र मुलीकडचे अजून ‘सेट’ मानत नाहीत.