चौथा फाटा फोडणाऱ्या मिस्त्रींस

श्रीयुत अज्ञात मिस्त्री यांस,
बेंगळुरू.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपली प्रत्यक्ष ओळख नाही. १९९६ सालची ही मारुती ८०० मी गेल्या वर्षी घेतली आणि परवा रविवारी तिचा इनलेट मॅनिफोल्ड उतरवताना आपले पदोपदी दर्शन घडले. म्हणून हा पत्रप्रपंच.

सिल्क बोर्डच्या सिग्नलला इतर गाड्या नुसत्या ताटकळतात. माझी मात्र आपल्या कृपेने गायला बसे: आधी द्रुत, मग विलंबित, मग एकदम मौन. कार्बोरेटर मी तीनदा साफ केला. शेवटी चालू इंजिनावर मॅनिफोल्डच्या जोडाशी क्लीनर फवारला आणि गाणे तत्काळ सुरात आले. तेव्हा कळले, गवई आपण होता.

या ७९६ सीसीच्या इंजिनाला सिलिंडर तीन, म्हणून मॅनिफोल्डला फाटे तीन. सुझुकीवाल्यांची झेप तेवढीच. आपण जोडात फट ठेवून चौथा फाटा फोडलात. त्यातून कार्बोरेटरला न विचारता हवा थेट आत. बेंगळुरूची हवा चांगली म्हणतात, पण इतकी?

गॅस्केटचे पैसे वाचवलेत, ही काटकसर वंदनीय आहे. तिथे सिलिकॉन मात्र असे सढळ हाताने फासलेत, की ते फाट्यांच्या तोंडात शेवयांसारखे लोंबत होते. मॅनिफोल्डमधून कूलंटही फिरतो. त्याच्या वाटेवरही आपण हाच प्रसाद ठेवलात.

बारा नंबरच्या नटांचे आपण बारा वाजवलेत. एक स्टड तर चिमटीत धरताच बाहेर आला. आटेच नव्हते; बिचारा पाहुण्यासारखा टेकला होता. ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ हे या शहराचे ब्रीद आपण लोखंडालाही शिकवू पाहिलेत. लोखंड अडाणी, कन्नड कळेना.

ब्लेडने सिलिकॉन खरवडले, मॅनिफोल्ड रॉकेलने धुतला, जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याचे तोंड घासले. काळपट अ‍ॅल्युमिनियम चांदीसारखे उजळले. एक खोल ओरखडा तेवढा जाईना. स्क्रूड्रायव्हर खुपसून जोड उचकटल्याची ती खूण, म्हणजे आपली सहीच. लेथवाल्याने फेसिंग करताना ती पुसली. क्षमस्व.

जे. सी. रोडवरून नवे गॅस्केट आणि नवे स्टड आणले. नट मधून बाहेर, थोडे थोडे आवळले. आता सिग्नलला गाडी एका लयीत गुणगुणते. आपली आठवण येते. त्रास होत नाही.

लोभ आहेच. तो वाढू नये, ही विनंती.

आपला ऋणाईत,
एक गाडीमालक

ता. क. : मॅनिफोल्डखाली आपला बारा नंबरचा पाना सापडला. परत करण्याची फार इच्छा आहे; पण आपण तो वापराल, या भीतीने ठेवून घेत आहे.