सर्दीला तोफखाना

साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिकने विषाणू मरत नाहीत, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक असतं. पेशंटलाही आता कळू लागलंय. तरीही ॲझिथ्रोमायसिनची स्ट्रिप दोघांच्या संगनमताने घरी येते. ‘गरम पाणी प्या, आराम करा’ एवढंच सांगणाऱ्याला फी देणं आपल्या जिवावर येतं आणि गोळी न लिहिणाऱ्या डॉक्टरचा पेशंट पुढच्या खेपेला समोरच्या दवाखान्यात दिसतो.

सरकार स्वस्थ बसलेलं नाही. २०१४ पासून बऱ्याच अँटिबायोटिकांचा समावेश असलेल्या एच-१ यादीतल्या औषधांच्या विक्रीच्या नोंदीसाठी केमिस्टने वेगळी वही ठेवायची आहे. २०१६मध्ये पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम निघाली. रेघेचा अर्थ, चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आपण रेघ बघून खूण पटवतो, ‘हीच ती, मागच्या वेळी लागू पडलेली!’

अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात, असं पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५च्या नोबेल व्याख्यानातच बजावलं होतं. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात जातात, शेजारच्या वहिनींना शिंका आल्या तर असाव्यात म्हणून. जंतूंना मात्र अभ्यासक्रम अर्धवट सोडायची सवय नाही.