एबीकाका

बंगळुरूत दोन मराठी माणसं भेटली की पहिला प्रश्न गावाचा असतो आणि दुसरा घरभाड्याचा. एबीकाका हे दोन्ही ओलांडून थेट तिसऱ्यावर येतात. ‘‘रक्तगट?’’ गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात आरतीला नवा चेहरा दिसला, की प्रसाद त्याच्या हातावर पडायच्या आत त्याचा गट काकांच्या वहीत पडलेला असतो. नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. ‘‘तो उंच बी पॉझिटिव्ह, व्हाइटफील्डवाला, ज्याची बायको ओ,’’ अशीच माणसं त्यांच्या डोक्यात साठवलेली असतात. मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद गेल्याचं कळलं, तेव्हा काका क्षणभर गप्प झाले आणि हळहळले, ‘‘अरेरे! ए निगेटिव्ह होते हो.’’

काका भारत इलेक्ट्रॉनिक्समधून निवृत्त झाले, तेही स्टोअर्समधून. त्यामुळे माणूस म्हणजे शिल्लक माल, ही दृष्टी आधीपासूनची. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे (नाव असलंच तर) मागच्या रक्तदानाची तारीख. पुरुषांना ९० दिवस, बायकांना १२० दिवस थांबावं लागतं, त्याचा हिशेब काका स्वतः ठेवतात आणि मुदत संपली की सकाळी सात वाजता फोन करतात. ‘‘काका बोलतोय. तुमचे दिवस भरले!’’ नवख्या माणसाच्या हातून यावर फोन पडतो.

एबीकाका हे नाव त्यांना मंडळानं दिलं. त्यांचा गट एबी पॉझिटिव्ह, आणि हे एकेकाळी त्यांचं मोठं शल्य होतं. या गटाच्या माणसाला कुणाच्याही तांबड्या पेशी चालतात. त्याच्या मात्र दुसऱ्या एबी पॉझिटिव्हलाच चालतात, आणि असे लोक आपल्याकडे शंभरात सहा-सात. सगळ्या शहराला ‘द्या, द्या’ म्हणणाऱ्या माणसाच्या नशिबी गट आला तो घेणाऱ्याचा! तरुणपणी ते रक्त देऊन आले की दंडावरची पट्टी बाहीखाली लपवायचे म्हणे.

मग रक्तपेढीतल्या एका तंत्रज्ञ बाईंनी त्यांना दुसरी बाजू सांगितली. ज्याच्या तांबड्या पेशींवर ए आणि बी हे दोन्ही प्रतिजन आहेत, त्याच्या प्लाझ्मात या दोघांविरुद्धची प्रतिपिंडं नसतात. त्यामुळे प्लाझ्माच्या बाबतीत सगळी उतरंड उलटी. ओ गटाचा प्लाझ्मा फक्त ओ गटाला, आणि एबीचा सगळ्यांना! प्लेटलेट तरंगतात त्याही प्लाझ्मातच. काका त्या दिवशी मल्लेश्वरमच्या संपिगे रोडवरून ताठ मानेनं चालत आले, आणि ओळखीचा जो भेटेल त्याला ‘मी सर्वदाता आहे’ असं बजावत आले. पुढे साठी गाठेपर्यंत ते मशीनवर प्लेटलेट देत राहिले. हातातून रक्त काढायचं, मशीननं त्यातल्या प्लेटलेट तेवढ्या वेगळ्या करायच्या आणि बाकीचं परत अंगात सोडायचं. तास-दीड तासाचं काम. पुन्हा द्यायला ४८ तासांचं अंतर पुरतं. मात्र आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळा याच्या वर नाही. मर्यादा ठरवून दिलेली कुठलीही गोष्ट स्टोअर्सच्या माणसाला आवडते.

तेव्हापासून काकांचा कायदा ठरलेला आहे. ओ असाल तर अख्खं रक्त द्या, एबी असाल तर मशीनवर झोपा, ए आणि बी यांनी मला विचारून या. विचारून येणाऱ्याला नंतर सीटीआरचा बेण्णे डोसा काकांच्या खर्चानं. काही लोक डोशासाठी येतात हे काकांना माहीत आहे. त्यांच्या नावापुढे खूण आहे, पण तारीखही आहे.

काकू ओ निगेटिव्ह. म्हणजे तांबड्या पेशींच्या बाबतीत खऱ्या सर्वदात्या त्याच. पण त्या हे कधी बोलत नाहीत आणि काकांनाही बोलवत नाही. पत्रिकेत ३६ पैकी २८ गुण जुळले होते. आर-एच कुणीच पाहिला नव्हता. एबी आणि ओ यांची मुलं ए किंवा बीच होतात. यांना एक ए झालं, एक बी. घरात माणसं चार, गट चार. त्यात काकूंचं सगळ्यांना चालतं आणि बाकी कुणाचंच काकूंना चालत नाही. ‘‘हे काही फक्त रक्ताचं नाही,’’ असं काकू म्हणतात.

पावसाळ्यात डेंग्यू आला की काकांचा हंगाम सुरू. मोबाइलवर ‘अर्जंट, ओ पॉझिटिव्ह’ असा निरोप फिरत येतो. लोक तो पुढे ढकलतात. काका त्यातल्या नंबरावर फोन लावतात. पुष्कळदा रुग्ण मागच्या वर्षीच घरी गेलेला असतो आणि फोन तोच उचलतो. निरोप ताजा निघाला तर उलटतपासणी. अख्खं रक्त हवंय, पेशी की प्लेटलेट? रुग्णासाठी हवंय, की पेढीनं दिलेल्या पिशवीची भरपाई म्हणून? भरपाई असेल तर कुठलाही गट चालतो, हे घाबरलेल्या नातेवाइकाला कुणी सांगितलेलंच नसतं. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, त्याही २० ते २४ अंशांवर, सारख्या हलवत ठेवल्या तर. बंगळुरूची हवा आणि बंगळुरूचे रस्ते बघता इथे त्या रिक्षातसुद्धा टिकल्या असत्या, असं काकांचं मत आहे.

गणेशोत्सवातल्या महाशिबिराला मात्र काकांचा विरोध. तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकणार. सगळ्यांनी भाद्रपदात एकदम दिलं तर मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना, कुणाच्या तोंडाकडे बघायचं? त्यांनी कार्यकारिणीपुढे बारा महिन्यांच्या बारा याद्या ठेवल्या. मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे अर्थातच पडला. ‘‘याद्यांचा फ्लेक्स कसा छापणार?’’ असं एकानं विचारलं. शिवाय रक्तदात्यांना द्यायचे स्टीलचे डबे आधीच येऊन पडले होते.

काकांचं एक स्वप्न अजून पुरं झालेलं नाही. त्यांना स्वतः एक ‘बॉम्बे ग्रुप’ शोधून काढायचा आहे. १९५२ साली केईएममध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट शोधला, ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, हे काका घरचं कार्य असल्यासारखं सांगतात. या माणसांच्या पेशींवर ए आणि बी ज्याच्यापासून तयार होतात तो एच नावाचा पायाच नसतो. वरवरच्या तपासणीत ती ओ वाटतात, पण ओचं रक्त दिलं तर जिवावर बेततं. त्यांना बॉम्बेच लागतं. भारतात साधारण दहा हजारांत एक. त्यांची देशभरची नोंद ठेवणारं संकल्प इंडिया फाउंडेशन इथलंच, बंगळुरूचं. त्यामुळे प्रत्येक ओवर काकांचा संशय. बसमध्ये एकदा त्यांनी कंडक्टरला विचारलं, ‘‘निम्म ब्लड ग्रुप यावुदु?’’ तो म्हणाला, ‘‘चिल्लरे इल्ला.’’

परवा एक नवं जोडपं नमस्काराला आलं. सोबत मुलाची आई. मुलगा बी पॉझिटिव्ह, सून ए निगेटिव्ह. काका खुर्चीतून अर्धे उठलेच. ‘‘२८ व्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन विसरू नका. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा!’’ लग्नाला आठ दिवस झाले होते. सासूबाईंनी बशी खाली ठेवली. सून मात्र शांतपणे म्हणाली, ‘‘काका, मी देते रक्त. नव्वद दिवस होऊन गेलेत.’’

‘‘बायकांना एकशेवीस,’’ काका हरखून म्हणाले आणि वही उघडली. ‘‘वजन? पंचेचाळीसच्या वर असेल तर साडेतीनशे मिली घेतात. पंचावन्नच्या वर असेल तर साडेचारशे. तुझं तर दिसतंच आहे...’’

काकूंनी आतून हाक मारली आणि त्यांना साखर आणायला खाली पिटाळलं. साखरेचा डबा भरलेला होता.