सहलनियोजक आणि राणीची बाग

मुंबई आणि तिच्या उपनगरांतील बहुतेक गृहनिर्माण संस्थांत एक सहलनियोजक आढळतो. सहलनियोजक म्हणजे नुसता सहलीला जाणारा नव्हे, तर सहल निघण्यापूर्वीच ती कागदावर संपूर्णपणे पार पाडणारा गृहस्थ. त्याचे वय साठीच्या अलीकडे-पलीकडे असते, पूर्वायुष्य बहुधा बँकेत किंवा विमा कचेरीत गेलेले असते आणि खिशाला दोन पेने असतात, त्यांपैकी एक लाल. माथेरानसारखी स्थळे त्याच्या बुद्धीला पुरेसे खाद्य पुरवत नाहीत, कारण तिथे गेले की काम संपते. त्याच्या गुणांचा खरा कस लागतो तो भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाच्या, म्हणजेच लोकांच्या तोंडी रुळलेल्या राणीच्या बागेच्या, सहलीत. १८६२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले हे उद्यान मुळात वनस्पतिउद्यान आहे, म्हणजे देशोदेशीचे वृक्ष अभ्यासासाठी एकत्र लावून, ओळखून, नावानिशी जतन करण्याची जागा. प्राणी तिथे मागाहून आले. ही सर्व माहिती नियोजक पहिल्याच सूचनापत्रात देतो, आणि ती वाचून सभासद जो पहिला प्रश्न विचारतात तो पेंग्विन किती वाजेपर्यंत पाहायला मिळतात, हा असतो.

नियोजनाची पहिली पायरी दिवस ठरवण्याची असून तिची पद्धत वजाबाकीची असते. बुधवारी उद्यान बंद असते, म्हणून बुधवार पहिल्याच फटक्यात बाद होतो. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या देखभालीसाठी काही तास गाड्या बंद ठेवण्याची किंवा दुसऱ्या मार्गावर वळवण्याची व्यवस्था, आडवा येतो. सोमवार ते शुक्रवार कचेऱ्या आडव्या येतात, आणि शनिवारी कोणाची तरी शिकवणी असतेच. अशा रीतीने आठवडा संपतो आणि सार्वजनिक सुट्टी तेवढी उरते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उद्यान त्या दिवशी उघडे राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद ठेवले जाते, हा पोटनियम त्याला ठाऊक असतो. किंबहुना तो इतरांना ठाऊक नसावा अशीच त्याची मनोमन इच्छा असते, कारण बैठकीत ‘बुधवारी बंद असते हो’ असे कोणी म्हणताच चष्मा कपाळावर सरकवून उत्तर देण्यात जे समाधान आहे, ते प्रत्यक्ष वृक्षदर्शनात नाही.

दुसरी पायरी तिकिटांची होय. २०१७ मध्ये ठरलेल्या दरांनुसार प्रौढांना ५० रुपये, लहान मुलांना २५ रुपये आणि आईवडील व दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबाला मिळून १०० रुपये पडतात. सामान्य माणूस असे दर वाचून पैसे काढतो, नियोजक मात्र कुटुंबे काढतो. ज्या दांपत्याला तीन अपत्ये आहेत त्यांचे तिसरे अपत्य एकाच अपत्यावर थांबलेल्या शेजाऱ्यांकडे तिकीटखिडकीपुरते दत्तक दिल्यास दोन्ही घरांचा एकूण खर्च २५० वरून २०० रुपयांवर येतो, हे तो लाल पेनाने सिद्ध करून दाखवतो. वनस्पतिशास्त्रातही कुटुंबे असतात. त्यांना कुले म्हणतात आणि ती मुख्यतः फुलांच्या व फळांच्या रचनेवरून ठरवतात, त्यामुळे ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी, सीतेचा अशोक आणि आमटीतली चिंच ही तिन्ही एकाच शिंबावंत, म्हणजे शेंगा धरणाऱ्या, कुलात मोडतात. शास्त्रज्ञांना ही नाती जुळवायला पिढ्या लागल्या, तर नियोजकाला तिकिटांचे दरपत्रक पुरते.

तिसऱ्या पायरीवर मात्र त्याची गाठ एका अशा पक्षाशी पडते, जो सूचनापत्रे वाचत नाही. उर्वशीला साधारणपणे थंडी सरतासरता तांबड्या फुलांचे पिवळे ठिपके मिरवणारे लांब घोस लटकतात, म्हणून तो सहल फेब्रुवारीत धरतो आणि ‘सकाळी १०.४० ते १०.५५ : उर्वशी (फुलांसह)’ अशी नोंद करतो. गोरखचिंच हा मूळचा आफ्रिकेतला, अवाढव्य खोडात पाणी साठवणारा वृक्ष. त्याची मोठी पांढरी फुले सूर्यास्तानंतर उमलतात, वटवाघळे त्यांचे परागण करतात आणि फुले लवकरच गळूनही पडतात. उद्यान संध्याकाळी बंद होत असल्याने ही फुले उमलताना पाहणे कोणत्याच वेळापत्रकात बसत नाही, आणि ही गैरसोय नियोजक वटवाघळांच्या नव्हे, तर व्यवस्थापनाच्या खाती मांडतो. वेळेचा हिशेब ठेवणारा हा माणूस शतकांच्या हिशेबाने जगणाऱ्या झाडाला पंधरा मिनिटे देतो आणि त्यातही पाच मिनिटे समूहछायाचित्रासाठी राखून ठेवतो.

प्रत्यक्ष सहलीच्या दिवशी पहिली लोकल चुकते, दत्तक दिलेले मूल खिडकीपाशीच ‘हे माझे बाबा नाहीत’ असे खणखणीत आवाजात जाहीर करते आणि आत शिरताच निम्मी मंडळी पेंग्विनांच्या रांगेत दिसेनाशी होतात. पेरू व चिलीच्या किनाऱ्यावरचे हे हम्बोल्ट पेंग्विन २०१६ मध्ये इथे आणले गेले आणि पुढच्या वर्षी लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. त्यांच्या दालनातील गारव्याशी स्पर्धा करणे कोणत्याही सावलीला शक्य नाही. उरलेली मंडळी उर्वशीपाशी वेळेवर पोहोचतात, पण तिला एकही घोस नसतो. अशा वेळी इतरेजन हसतात. वस्तुतः त्या हसणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जन्म याच शहरात झालेला असतो आणि उर्वशी नावाचा वृक्ष भायखळ्यात उभा आहे, हे त्यांना सूचनापत्रामुळेच प्रथम कळलेले असते. नियोजकाला झाडांविषयी फारसे प्रेम नसेल, परंतु वीस-पंचवीस माणसांना झाडाखाली उभे करण्याचे जे काम वृक्षप्रेमींच्या व्याख्यानांना जमत नाही, ते त्याच्या लाल पेनाला जमते, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांनाही मान्य करावी लागते.

फुलांअभावी तो खचून जातो, असा समज कोणी करून घेऊ नये. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या सूचनाफलकावर नवे पत्रक लागते, आणि त्यात काही अपरिहार्य कारणास्तव उर्वशीचा फुलण्याचा कार्यक्रम पुढे ढकलण्यात आला असून नवी तारीख यथावकाश कळवण्यात येईल, मात्र तो बुधवार असल्यास आधी सुट्टी तपासून घ्यावी, असे स्पष्ट नमूद केलेले असते.